पेडल का धडधडतं

सन दोन हजार अकरा, माघ वद्य पक्ष. वाघजाळीच्या तिट्ट्यावर सकाळची थंडी बोचत होती आणि दुपारचं ऊन चटका द्यायला लागलं होतं.

“मग चूक कुणाची, तेवढं सांगा उस्ताद. माझी का त्याची?”

विचारणारा हिंदुराव चौगुले. तिट्ट्यावर सगळ्यात मोठं गॅरेज त्याचं. ज्यांना विचारलं ते कासम नदाफ. घाटमाथ्यावर ब्रेकचं काम शिकलेला प्रत्येक मिस्त्री त्यांच्या हाताखालून गेला आहे. हिंदुरावही गेला. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात.

उस्ताद दारातल्या बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बोला की.”

“काल कुणाला मारलंस?”

…

“उस्ताद, मी ब्रेकचं विचारलं.”

“मी बी ब्रेकचंच विचारतोय.”

हिंदुरावाचा चेहरा लाल झाला. तो उभाच होता. उस्तादांनी त्याला बस म्हटलं नव्हतं.

काल काय झालं ते मी पाहिलं होतं. माझं टायरचं दुकान स्टँडला लागून, उस्तादांच्या दारासमोर आहे.

डेअरीची एक जुनी पिकअप आहे. लहू शिंत्रे ती चालवतो. रोज सकाळी दुधाचे कॅन भरून घाट उतरायचा, दुपारी रिकामे कॅन घेऊन वर यायचं. पावसाळा संपल्यापासून त्या गाडीला एक रोग लागला होता. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं. स्टेअरिंग थरथरायचं. मागे कॅनांची झाकणं वाजायची. हिंदुरावाने गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, गाडी चार दिवस नीट चालायची आणि पुन्हा तेच.

काल लहू स्टँडवर चहा पिताना म्हणाला, “मशीन मोठं आणलंस हिंदुराव, पण पेडल काय ऐकंना बघ.”

रागाने म्हणाला नव्हता. पण दोघं-तिघं हसले.

हिंदुरावाने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या स्टँडसमोर. लहूची साठी उलटली आहे. हिंदुराव त्याच्या मुलाच्या वयाचा. टोपी धुळीत पडली. लहूने ती उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि चहाचा ग्लास खाली ठेवून निघून गेला.

हिंदुरावाने गाडी गॅरेजात ओढली, दिवसभर तिच्यावर काम केलं आणि संध्याकाळी किल्ली डेअरीत नेऊन टाकली. डेअरीचा मालक त्याला म्हणाला, खोट गाडीत आहे की ड्रायव्हरात, ते मला उद्या संध्याकाळी सांग. ड्रायव्हरात असेल तर परवापासून गाडीवर दुसरा माणूस बसेल.

म्हणजे लहूचं चाक हिंदुरावाच्या जिभेवर होतं. ह्या वयात लहूला दुसरी गाडी कुणी देणार नव्हतं.

आणि हिंदुरावाला आपल्या बोलण्यावर उस्तादांचा शिक्का हवा होता. त्यासाठी तो आला होता.

“काय काय केलंस?” उस्तादांनी विचारलं.

“सगळं केलं.”

“सगळं म्हंजे?”

“पुढच्या दोन्ही डिस्क काढल्या. मशिनवर घेतल्या, पाक आरशागत केल्या. हबावरचा गंज घासला. मापाचं घड्याळ लावून बघितलं, डिस्क केसाएवढी बी डुलत न्हाई. चाकाचं नट समोरासमोर आवळलं, सगळं एका मापानं. मागचं ड्रम उघडून बघितलं. गोल हाईत. आणि काय करायचं राहिलं?”

“हातब्रेक ओढून चालवून बघितलीस?”

हे ब्रेकच्या कामातलं पहिलं पाऊल आहे. हातब्रेक फक्त मागची चाकं धरतो. चालत्या गाडीत तो हळूहळू ओढायचा. धडधड आली तर रोग मागे, नाही आली तर पुढे. उस्तादांनी हे प्रत्येकाला पहिल्या महिन्यात शिकवलेलं.

हिंदुराव म्हणाला, “हातब्रेक चालत न्हाई. केबल तुटलीया.”

“कवापासनं?”

“हाय, बऱ्याच दिसांची.”

“घातली न्हाईस?”

“चिल्लर काम हाय ते. आणि पिकअपचा हातब्रेक वापरतंय कोण? ड्रम उघडून बघितलं म्हणतोय की. रोग पुढंच हाय. त्यात शंका न्हाई.”

…

उस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

“चप्पल दे हिकडं.”

हिंदुरावाने चप्पल पुढे केली. गॅरेजात सात माणसं कामाला ठेवणारा माणूस. पण चप्पल दिली. तेवढं त्याच्यात शिल्लक होतं.

उस्ताद माझ्या दुकानावरून गेले तेव्हा थांबले.

“काल तू हुतास न्हवं हितं?”

“होतो.”

“मग चल. पाना आणि जॅक घे.”

लहू डेअरीसमोर कॅन चढवत होता. त्याने उस्तादांना रामराम केला. हिंदुरावाकडे पाहिलंही नाही.

“लहू, आज आम्ही येतो तुझ्यासंगं.”

“बसा की उस्ताद. गाडी तुमचीच हाय.”

“माझी असती तर केबल असती,” उस्ताद म्हणाले.

लहू कॅनाला दोरी आवळत म्हणाला, “सांगून झालंया ते.”

“कुणाला?”

लहूने दोरीची गाठ मारली.

पुढे तिघं बसले. लहू चाकावर, मध्ये हिंदुराव, दाराशी उस्ताद. मी मागे कॅनांमध्ये. केबिनच्या मागच्या काचेच्या जागी नुसती चौकट होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

घाट सुरू झाला. लहूने दुसरा गिअर टाकला. लोड होता, इंजिन जुनं होतं, प्रत्येक वळणावर ब्रेकला पाय लावावाच लागत होता.

पहिलं वळण. लहूने ब्रेक दाबला. कॅन गप्प.

“बघा,” हिंदुराव म्हणाला. “हाय का धडधड?”

उस्ताद खिडकीबाहेर पाहत होते.

दुसरं वळण.

“हाय का? सांगा की.”

…

“काल सांजपतुर हाताला फोड येईस्तोवर काम केलंय. तू सांग रं, हाय का पेडलाला काय?”

हे लहूला होतं. ‘तू’ आणि ‘रं’.

उस्ताद म्हणाले, “तात्या म्हण. वयानं मोठा हाय.”

“गाडीला वय कळत न्हाई उस्ताद.”

“तुला कळतंय का, ते बघत हुतो.”

हिंदुराव दात आवळून बसला. लहू चालवत राहिला. पेडल खरोखर शांत होतं. हिंदुरावाचं काम वाईट नव्हतं, हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन. सबंध घाट कॅनाचं एक झाकण वाजलं नाही.

शेवटच्या उतारावर घाटजाई देवीचं ठाणं आहे. वळणाच्या अंगाला, उतारावरच. आताची पोरं हॉर्न वाजवून पुढे जातात. जुने ड्रायव्हर थांबतात. पण गाडीतून उतरत नाहीत. देवीसमोर गाडीची बैठक रिकामी टाकायची नाही, अशी ह्या घाटाची रीत आहे. चाकावर बसूनच हात जोडायचे. गुरव खिडकीतून अंगारा देतो, तो लावायचा आणि निघायचं.

लहू थांबला. इंजिन बंद केलं. दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

चाकांतून तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. जळक्या शिंगासारखा. घाट उतरल्यावर येतोच तो.

गुरव आला. त्याने तिघांना अंगारा लावला, मग मागे येऊन मला. तो परत गेला. त्याने घंटेखालची पानं गोळा केली. लहूचे ओठ चालूच होते.

“झालं का?” हिंदुराव म्हणाला. “दूध नासंल.”

उस्तादांनी हात आडवा केला. थांब.

हिंदुराव पाय आपटायचा राहिला. त्याने ठाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. उस्ताद एकाच ठिकाणी पाहत होते. खाली. लहूच्या पायाकडे.

मग लहूने डोळे उघडले. गाडी सोडली.

उतार संपला. पुलाच्या अलीकडे सपाट रस्ता लागतो. गाडीने वेग घेतला आणि पूल जवळ आला तसा लहूने ब्रेक दाबला.

झाडून सगळी झाकणं वाजली.

मला फाळक्यातून ती धडधड पाठीत जाणवली. धक, धक, धक, गाडी हळू होत गेली तशी तीही हळू होत गेली.

“परत दाब,” हिंदुराव म्हणाला.

लहूने दाबला. तेच.

“परत.”

तेच.

“थांबीव गाडी. थांबीव म्हणतो न्हवं.”

लहूने सपाटीवर करंजाच्या झाडाखाली गाडी घेतली. गाडी थांबते न थांबते तोच हिंदुराव उस्तादांच्या गुडघ्यांवरून बाहेर पडला, वळसा घालून आला, लहूला दारातून खाली खेचलं आणि त्याची कॉलर धरली. काळ्या तेलकट मुठीत पांढऱ्या शर्टाची कॉलर.

“बघितलं? बघितलं उस्ताद? वरनं निघाली तवा नीट. सबंध घाट नीट. ह्याच्या पायात खोट हाय. माझं नाव घालवायला निघालाय म्हातारा.”

त्याचा दुसरा हात वर गेला.

उस्ताद सावकाश उतरले. चालत आले. मला वाटलं ते हिंदुरावाचा वर गेलेला हात धरतील. नाही धरला. त्यांनी कॉलरीवरच्या मुठीवर आपला पंजा ठेवला आणि ती मूठ तिथेच दाबली.

“सोडू नकोस,” ते म्हणाले.

हिंदुरावाला कळलं नाही.

“काय?”

“धरलंस न्हवं? धरून ठेव. मी सांगंस्तोवर सोडायचं न्हाई.”

मग माझ्याकडे वळले. “पुढचं चाक काढ.”

मी मागच्या चाकाला दगड लावला, जॅक घातला. काम करताना माझा एक डोळा चाकावर होता आणि एक त्या दोघांकडे.

रागाने कॉलर धरणं सोपं आहे. पण धरूनच राहायचं म्हटलं की अवघड. हिंदुरावाचा वर गेलेला हात कधीतरी खाली आला. त्याने ओरडून घेतलं, मग ओरडायला काही उरलं नाही. लहूचं तोंड वीतभर अंतरावर. तो हिंदुरावाच्या डोळ्यांत पाहत होता. दुसरीकडे पाहायला त्याला जागाच नव्हती.

“उस्ताद, सोडू का?”

“नको.”

…

“लोक बघायलेत.”

खरंच, पुलावरून जाणारा एक सायकलवाला थांबला होता.

“कालबी बघत हुते. तवा न्हाई तुला लाज वाटली.”

मी नट सोडत होतो. उस्ताद दगडावर बसले.

“लहू.”

“जी.”

कॉलर आवळलेली, त्यामुळे आवाज घुसमटून आला.

“देवीम्होरं काय मागतोस एवढा वेळ?”

“असंच.”

“आधी तर तू नमस्कार केलास की निघायचास. मी तुझ्या गाडीत बसलोय. आता गुरव बी कटाळून गेला.”

लहू म्हणाला, “भ्या वाटतंय उस्ताद. पेडल असं उडाय लागल्यापासनं. मागं हजार लिटर दूध, म्होरं दरी. म्हणून मागतोय. ब्रेक धरू दे म्हणून.”

“आणि?”

“घरच्यांसाठी.”

“आणि?”

लहूने हिंदुरावाकडे पाहिलं. ती मूठ अजून त्याच्या गळ्याशी होती.

“ह्याच्यासाठी.”

“काय ह्याच्यासाठी?”

“ह्याच्या हाताला यश दे म्हणून. ह्याला यश आलं तर माझी गाडी नीट हुईल.”

…

पुलाखालून पाण्याचा आवाज येत होता.

हिंदुरावाचं कोपर खाली यायला लागलं. दंड भरून आला असेल. दुसरं काही असेल तर ते मला माहीत नाही.

“चाक निघालं,” मी म्हणालो.

“आता सोड,” उस्ताद म्हणाले.

हिंदुरावाने मूठ उघडली. बोटं लवकर सरळ होईनात. लहूच्या पांढऱ्या कॉलरीवर मुठीचा काळा छाप उठला होता. चार बोटं आणि अंगठा, वेगवेगळी मोजता येतील असा.

लहूने तो पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला.

“हिकडं ये हिंदुराव. डिस्क बघ. हात लावू नकोस, भाजंल.”

हिंदुराव चाकाच्या जागी उकिडवा बसला. आदल्या दिवशी त्याने आरशागत केलेली डिस्क. चकचकीत, सगळीकडून सारखी. फक्त एका जागी डाग. काळपट निळा. डागाच्या कडा सरळ, कोपरे गोल.

त्याने डागाकडे पाहिलं. मग शेजारी अडकवलेल्या पॅडकडे पाहिलं. पुन्हा डागाकडे.

“हा पॅडचा छाप हाय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“डिस्क लाल तापलेली असताना पॅड एकाच जागी दाबून धरल्याशिवाय असा छाप पडत न्हाई. पॅडचा माल डिस्कला चिकटतोय. मग दर फेऱ्याला पॅड त्यावर चढतंय आणि उतरतंय.” तो स्वतःशीच बोलत होता. “म्हणून पेडल उडतंय.”

“मशिनवर चढवताना हा डाग दिसला न्हवता?”

“दिसला.”

“दर बारीला?”

“दर बारीला.”

“मग?”

“कापून टाकला.”

“कापून टाकलास,” उस्ताद म्हणाले. “विचारलं न्हाईस त्याला, कुठनं आलास म्हणून.”

हिंदुरावाने मान वर केली. मला वाटलं आता तरी त्याला कळलं. पण माणूस इतक्या लवकर खाली येत नाही.

“म्हंजे त्याचाच पाय,” तो म्हणाला. “देवीम्होरं पाय दाबून बसतोय ह्यो. उतारावर. तापलेल्या ब्रेकवर. मी म्हणत हुतो तेच झालं. खोट ड्रायव्हरातच हाय.”

तेव्हा उस्ताद उठले. मी त्यांना पुष्कळ वर्षं ओळखतो. त्यांचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकला आहे. त्या दिवशी ऐकला.

“पाय त्याचा. केबल कुणाची?”

हिंदुरावाने पुन्हा डिस्ककडे पाहिलं.

“उतारावर गाडी उभी हाय. खाली उतरून दगड लावायची रीत न्हाई. इंजिन बंद हाय, आणि जुनं इंजिन गिअरवर एवढा लोड धरत न्हाई. गाडी कशानं धरायची त्यानं? दातानं? लहू, केबल तुटायच्या आधी काय करत हुतास तिथं?”

“हातब्रेक ओढत हुतो, उस्ताद. मग पाय काढून हात जोडायचो.”

“आणि तुटल्यावर?”

“पायच ठेवाय लागला.”

“सांगितलं हुतंस का मिस्त्रीला?”

लहूने कॉलर सरळ केली.

“सांगितलं हुतं. गणपतीत. म्हणला, चिल्लर कामाला माझ्याकडं वेळ न्हाई. उद्या लोक रिक्षा बी घेऊन येतील माझ्याकडं, म्हणला. परत सांगितलं दसऱ्याला. म्हणला, मला शिकवू नकोस.”

“ऐकलंस?”

हिंदुराव जमिनीकडे पाहत होता.

“त्यो भ्यायला,” उस्ताद म्हणाले, “म्हणून जास्त वेळ मागत बसला. जास्त वेळ बसला, म्हणून छाप पडला. छाप पडला, म्हणून जास्त भ्यायला. आणि तू दर बारीला मशिनवर छाप कापलास, चार शिव्या घातल्यास आणि गाडी परत त्याच उतारावर सोडलीस. डिस्क पातळ हुत गेली. ती एक दिस फुटली असती. हितं न्हाई, वर. दरीकडच्या अंगाला.”

लहूने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“मी बी तिथंच थांबायचो,” उस्ताद म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “पाय दाबून थांबलोय कैकदा. तवा गाड्यांना चारी चाकांना ड्रम हुते. खपून गेलं. म्हणून सांगतो, लहू, आजपासनं देवीम्होरं लांब मागू नकोस. लांब मागायचं असंल तर हितं सपाटीला गाडी लाव आणि चालत वर जा.”

“चालत गेलं तर दूध नासंल उस्ताद.”

“मग थोडक्यात माग. तिला ऐकू येतं.”

लहू पहिल्यांदा हसला. मीही हसलो. हिंदुराव हसला नाही.

मी चाक परत चढवलं. नट हिंदुरावाने माझ्या हातून पाना घेऊन स्वतः आवळले. समोरासमोर, एका मापाने. दूध पोचवून आम्ही वर आलो. त्या वाटेत केबिनमध्ये एक शब्द झाला नाही.

संध्याकाळपर्यंत हिंदुरावाने नवी केबल घातली. डिस्कवरचा डाग ह्या वेळी मशिनवर न घेता हाताने घासून काढला, डिस्क आणखी पातळ व्हायला नको म्हणून. पॅड नवे टाकले. स्वतः गाडी घेऊन घाटात गेला, हातब्रेक ओढून चालवून पाहिली, उतारावर हातब्रेकवर उभी करून पाहिली.

मग डेअरीत गेला. उस्ताद आधीच तिथे बाकावर बसले होते. मालकाने विचारलं, “बोल, गाडी का ड्रायव्हर?”

हिंदुराव म्हणाला, “मी.”

मालकाला कळलं नाही.

“हातब्रेकची केबल तुटली हुती. लहूतात्यानं दोनदा सांगितलं. मी घातली न्हाई. त्यामुळं पुढचं ब्रेक खराब हुत हुतं. खोट माझ्यात हाय.”

मालकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा उस्तादांकडे. म्हणाला, “मग लहूच राहू दे गाडीवर.”

बाहेर आल्यावर हिंदुराव उस्तादांच्या पुढे उभा राहिला. चेहरा अजून आवळलेला होता.

“झालं? फिटलं?”

“मालकाचं फिटलं.”

“आणि कुणाचं राहिलं?”

उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले.

…

“मी उद्या तात्यांच्या पाया पडतो.”

“पाया पडायला तुला सोपं जाईल. खाली बघून करायचं असतं ते.”

“मग काय करू?”

“सकाळी ये. स्टँडवर. चहाच्या येळंला.”

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नेहमीची माणसं होती. त्या दिवशी हसणारे दोघं-तिघंही होते. लहू चहा पीत होता. अंगात तोच शर्ट. धुतलेला, पण कॉलरीवर डागाची सावली राहिली होती.

हिंदुराव आला. लहूसमोर उभा राहिला. हात पाठीमागे.

उस्ताद म्हणाले, “लहू, दे त्याचं त्याला.”

लहूला समजलं आणि तो मागे सरकला.

“नको उस्ताद. माझी गाडी राहिली. बास झालं.”

“गाडी मालकानं दिली. थोबाडीत ह्यानं दिली. ती तुझ्याकडं कशाला ठेवतोस?”

“त्याला बायकापोरं हाईत. एवढ्या माणसांत…”

“तुला न्हवती?”

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

“मारा तात्या,” हिंदुराव म्हणाला. त्याने ‘तात्या’ म्हटलं.

लहूने ग्लास खाली ठेवला. हात उचलला आणि हिंदुरावाच्या गालाला लावला. मारला म्हणता येणार नाही.

“ही न्हवं,” उस्ताद म्हणाले. “त्यानं दिली तेवढी. कमी न्हाई, जास्त न्हाई.”

लहू उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते रागाने भरले होते, हे मी जवळून पाहिलं. त्या दिवसाचा सगळा राग त्याने कुठे ठेवला होता कोण जाणे. आता तो वर आला. जबडा हलला. हात मागे गेला.

फाटकन आवाज झाला. हिंदुरावाची मान वळली. एक पाऊल मागे गेला, पण पडला नाही. गालावर बोटं उमटली.

त्याने मान सरळ केली. हात पाठीमागेच ठेवले.

लहूचा श्वास जोरात चालला होता. तो आपल्या हाताकडे पाहत होता.

उस्तादांनी बाकाला धरून स्वतःला उठवलं.

“फिटलं. लहू, गाडी काढ.”